सेवेचे मोल कोणी ठरवावे?

मनुष्याच्या बऱ्यावाईट कृत्यांचा न्याय करताना आपल्या सुशिक्षित समाजास एक चमत्कारिक खोड जडलेली आहे. वाईट करणाऱ्यास आपण त्याचे कृत्य पाहून दोष देतो. पण चांगले करणाऱ्याचे कृत्य बाजूस सारून एकदम त्याच्या अंतःकरणात डोकावू लागतो. कोणी गावात विहीर बांधून दिली, तर तिचे पाणी गोडे की मचूळ हे विचारण्याच्या आधी, ह्या गृहस्थास येत्या निवडणुकीस उभे राहावयाचे आहे काय, ही चौकशी होते. विहिरीवर घागर घेऊन आलेल्या बाईस ह्या चौकशीत मुळीच स्वारस्य नसते, ही गोष्ट वेगळी.

ही शंका सर्वांत तीव्र होते ती सेवा करणारा मनुष्य ख्रिस्ती असला म्हणजे. चर्चची सामान्य सभासद मंडळी, म्हणजे कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी परिचारिका, आपला सुटीचा वेळ खर्चून वस्तीतील मुलांस लिहावाचावयास शिकवितात, रुग्णालयात एकट्या पडलेल्या रोग्याजवळ बसतात, तुरुंगातील कैद्याची विचारपूस करतात, दुष्काळात अन्न वाटतात. आणि हे पाहणारा आमचा स्नेही मान हलवून म्हणतो, ‘सेवा खरी, पण गळाला लावलेली!’ ह्या उद्गारात काही तथ्य आहे, आणि ते आम्ही पुढे मोकळेपणाने मान्य करणार आहोत. परंतु तो काढणाऱ्याने आपल्या हातातील दोरीकडेही एकवार पाहावे, म्हणून प्रथम उदाहरण घेतो ते घरचेच.

सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या रस्त्यावर तामलवाडी म्हणून एक गाव आहे. तुळजापूर तालुक्यातले, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातले, आज धाराशिव जिल्ह्यातले. एरवी ह्या गावाचे नाव घेण्याचा प्रसंग परक्या माणसास फारसा येत नाही. परंतु आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास भवानीच्या दर्शनासाठी सोलापुराकडून व कर्नाटकाकडून निघालेली लक्षावधी माणसे पायी ह्याच वाटेने जातात. वाहनांस दुसरी वाट दाखवावी लागते, इतका तो लोंढा असतो. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी मांडव पडतात. कोणी चहा देतो, कोणी केळी, कोणी खिचडी. कोणी फोड आलेल्या पायांस मलम लावून पट्टी बांधतो, तर कोणी वाकून अनोळखी माणसाच्या पोटऱ्या तेलाने चोळून देतो. खाणाऱ्याची जात विचारली जात नाही, गाव विचारले जात नाही. चांगल्या सुखवस्तू घरचे तरुण रात्र रात्र उभे राहून उष्ट्या पत्रावळी उचलतात. निष्काम सेवा म्हणून जी काही आम्ही व्याख्यानांतून सांगत असतो, ती दृष्टीस पडावयाची असेल तर ह्या वाटेवर पडेल.

आणि तरीही मनात एक प्रश्न उभा राहतो. पौर्णिमेच्या रात्री ज्याचे पाय चोळले जातात, तो त्या क्षणी नुसता थकलेला मनुष्य नसतो. तो आईच्या दारी निघालेला, तिचा पाहुणा असतो. त्याला पाजलेले पाणी देवीस पोचते, आणि देवीकडून ते पुण्यरूपाने पाजणाऱ्याकडे परत येते. पण त्याच वाटेवरील एखाद्या गावात वैशाखात एखादी मजूर बाई तापाने फणफणून पडली असेल, तर तिच्या दारी मांडव पडत नाही. कारण ती कोठेच निघालेली नाही. ती यात्रेकरू नाही, ती फक्त आजारी आहे.

यात्रेकरूंच्या सेवेचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. तसे करणारे पंडित आम्हांस कधीच रुचले नाहीत. म्हणणे इतकेच की, मिशनऱ्याचे लक्ष सेवा घेणाऱ्याच्या आत्म्याच्या उद्धाराकडे असते, आणि आमचे लक्ष आमच्या स्वतःच्या आत्म्याच्या उद्धाराकडे. ह्या दोहोंत अधिक स्वार्थी कोण, ह्याचा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. भगवद्गीतेने दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे वाचकांस ठाऊकच आहे. सात्त्विक दानात परतफेडीची अपेक्षा नसते, हे आपण सर्वजण आवडीने सांगतो. पण घेणाऱ्याचा मान न राखता, अवहेलनेने दिलेले दान तामस होय, हा जो त्याच ठिकाणचा विचार, त्याचा उच्चार क्वचितच होतो. म्हणजे गीतेलाही केवळ देणाऱ्याचे मन पुरे वाटले नाही. घेणाऱ्यास त्या देण्यात कसे वागविले, हेही तिने हिशेबात धरले.

आता ख्रिस्ती पद्धतीकडे वळू. मराठी ख्रिस्ती लोक चर्च ह्या संस्थेस ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द आम्हांस फार मार्मिक वाटतो. देऊळ म्हटले की मूर्ती आणि वास्तू डोळ्यांपुढे येते. मंडळी म्हटले की माणसे येतात, आणि माणसे आली म्हणजे त्यांच्यात कामाची वाटणी आलीच. नव्या करारात अगदी आरंभीच्या मंडळीची हकीकत आहे. रोजच्या अन्नवाटपात आपल्यातील विधवांकडे दुर्लक्ष होते अशी काही लोकांची तक्रार आली. तेव्हा त्या कामासाठी सात माणसे निवडून नेमली गेली. उपदेश करणारे निराळे, पंगत वाढणारे निराळे. धर्मस्थापनेच्या उदात्त कथेत ही वाढप्यांच्या नेमणुकीची हकीकत थोडी रूक्ष वाटते खरी. पण आमच्या मते त्या पद्धतीचे सारे बळ ह्या रूक्षपणातच आहे. कोणत्या रविवारी कोणी कोणत्या वस्तीत जावयाचे, हे आधी ठरलेले असते. उमाळा आला म्हणून जावयाचे नसते, आणि उमाळा आला नाही म्हणून राहावयाचेही नसते. आपल्याकडे दया पुष्कळ आहे, पण ती तिथी पाहून येते.

येथे कोणी म्हणेल की, हल्ली आमच्या महाविद्यालयांतूनही राष्ट्रीय सेवा योजना आहे. आहे खरी, १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ती सुरू झाली, आणि तीत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करावे असा नियम आहे. शेवटी प्रमाणपत्र मिळते, काही विद्यापीठांत सवलतीचे गुणही मिळतात. त्या गुणांच्या आशेने शिबिरास गेलेले विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी खणलेल्या चरात पावसाचे पाणी थांबायचे तसेच थांबते. हेतू गढूळ असला म्हणून पाणी थांबण्याचे नाकारीत नाही. मग केवळ ख्रिस्ती माणसाच्याच बाबतीत हेतूची एवढी कडक झडती का?

महाराष्ट्राने तर ह्या बाबतीत अधिक उदार असावयास हवे, कारण त्याच्यावर ऋण आहे. जोतीराव फुले यांनी नगरास मिस फेरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डास एकेश्वरी पंथाच्या विद्यालयात शिकून आले आणि १९०६ साली मुंबईस त्यांनी अस्पृश्यांसाठी जे कार्य उभारले, त्याच्या इंग्रजी नावात ‘मिशन’ हा शब्द त्यांनी जाणूनबुजून ठेवला. दोघेही ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांकडून त्यांनी घेतला तो वस्तीत जाऊन राहण्याचा व रोज काम करण्याचा शिरस्ता, धर्म नव्हे. गळाला लागूनही गळात न अडकणारे मासे असतात, असे म्हणावयाचे असल्यास म्हणावे.

परंतु आक्षेपातील तथ्य मान्य करण्याचे आम्ही कबूल केले आहे, आणि त्यासाठी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. हे सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस निघाले व पुढच्या वर्षी पुण्यास आले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. पैसा मुख्यतः अमेरिकेतून आलेला. पण सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही असा करार, आणि त्याच्या भरवशावर रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी उभी. पुढे बाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली जाऊन बसू लागल्या. बाईंचे म्हणणे, मी कोणास बोलाविले नाही, पण येणाऱ्यास हाकलूनही देणार नाही. विरोधकांचे म्हणणे, ज्या मुलीस जगात दुसरा आसरा नाही, तिला उघड्या दाराचाही मोह पडतो. केसरीने रान उठविले; १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी अंग काढून घेतले; पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या.

शंभराहून अधिक वर्षांनंतर हा वाद वाचताना आम्हांस दोन्ही पक्षांची बाजू समजते. बाईंसारख्या सत्यनिष्ठ स्त्रीने आपल्याच घरात देवाचे नाव दार लावून घ्यावे, ही अपेक्षा अन्यायाची होती. उलट, अन्न, वस्त्र आणि छप्पर ज्या हाताकडून मिळते, त्या हाताने नुसते बोट दाखविले तरी निराश्रितास ती आज्ञाच वाटते, ही विरोधकांची शंकाही पोकळ नव्हती. मात्र विरोधकांविषयी एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. ज्या विधवा मुली त्यांनी सदनातून सोडवून नेल्या, त्यांच्यासाठी त्यांनी पुढे काय केले? ह्या प्रश्नास उत्तर देणारा एक गृहस्थ निघाला. सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ सालीच पुनर्विवाह करणारे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला. बाकीच्यांनी लेख लिहिले. दरम्यान १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींस केडगावास घेऊन आल्या, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील मुक्तिसदनातील माणसांचा आकडा हजाराच्या वर गेला. त्यांतील बहुतेक ख्रिस्ती झाल्या. त्या न येत्या तर हिंदूच राहत्या, हे खरे; पण त्यांतील किती जणी मुळात जगत्या, हा हिशेब आक्षेपकांनी मांडलेला आम्हांस आढळला नाही.

तेव्हा ह्या प्रश्नाचे मर्म कोठे आहे? आमच्या मते ते देणाऱ्याच्या मनात नाही. घेणाऱ्याच्या तोंडात आहे. त्याला ‘नको’ म्हणता येते की नाही, आणि ‘नको’ म्हटल्यावर त्याची भाकरी थांबते की नाही, एवढेच पाहावयाचे. भारताच्या घटनेने धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य दिले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या स्वातंत्र्यात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. कायद्याने रेषा ओढली ती ठीकच. पण उपाशी माणसापुढे ताट मांडणाऱ्याच्या मनात ही रेषा कायद्याच्या पुष्कळ अलीकडे पडली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ह्याच धाराशिव जिल्ह्यात व शेजारच्या लातुरात भूकंपाने गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे गेली, तेव्हा मदतीस आलेल्यांत चर्चच्या संस्था होत्या, संघाचे स्वयंसेवक होते, जैन संघटना होती, इतर कितीतरी होते. ढिगाऱ्याखालून ओढून काढणाऱ्या हाताचा धर्म कोणी विचारला नाही. विचारण्याची शक्तीच त्या माणसांत नव्हती. आणि ती नव्हती म्हणूनच अशा वेळी संयमाचा सारा भार देणाऱ्यावर पडतो.

ख्रिस्ताने सांगितलेली दयाळू शोमरोन्याची गोष्ट ह्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहण्यासारखी आहे. वाटमाऱ्यांनी लुटून अर्धमेला टाकलेला मनुष्य. पुरोहित बाजूने निघून जातो. परक्या, तिरस्कृत जातीचा शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो. येथवर सर्वांच्या ध्यानात असते. पुढे तो उतारशाळेच्या मालकास दोन नाणी देतो, अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन म्हणतो, आणि आपल्या कामास निघून जातो. त्या जखमी माणसाशी त्याचे एकही संभाषण झाल्याचे गोष्टीत नाही. त्याने आपला डोंगर चांगला की तुमचे यरुशलेम चांगले हा वाद काढला नाही. त्याने व्यवस्था केली आणि तो दूर झाला. मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या टीकाकारांनी ही गोष्ट शेवटपर्यंत वाचली असती, तर पुष्कळ शाई वाचली असती.

ह्या शोमरोन्याच्या जातीची माणसे आपल्या महाराष्ट्रात झाली आहेत, आणि त्यांपैकी दोघांचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. धाराशिव जिल्ह्याच्या उत्तरेस, नगर जिल्ह्याच्या टोकाशी जामखेड आहे. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आले. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती, वेल्लोरच्या मिशनच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. लग्नाच्या दिवशीच खेड्यांतील गरिबांची सेवा करण्याची शपथ घेतलेले. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, रोगी बरे होऊन घरी जातात आणि त्याच घाणेरड्या पाण्याने पुन्हा आजारी पडून येतात. जामखेडास येऊन पाहतात तो लोकांस औषधाची तहान नव्हती, पाण्याची होती. १९७२ च्या दुष्काळाने हे अधिकच उघड केले. तेव्हा डॉक्टरांनी कूपनलिका खणविल्या. आणि त्या शक्य तेथे दलित वस्तीत खणविल्या, जेणेकरून पाण्यासाठी साऱ्या गावास त्या वस्तीत यावे लागले. अस्पृश्यतेवर त्यांनी व्याख्यान दिले असते तर लोकांनी ते ऐकून घेतले असते आणि विहिरी वेगळ्याच ठेवल्या असत्या.

पुढची पायरी त्याहून मोठी आहे. गावोगाव ठेवलेल्या शिकलेल्या परिचारिका तेथे रुजेनात. तेव्हा गावातलीच बाई शिकवून तयार करावी, असा विचार निघाला. गावाने निवडून पाठविलेल्या ह्या बायांत कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्याही होत्या. त्या जामखेडास येत, शिकत, आणि परत जाऊन बाळंतपण, लसी, अतिसार, मुलांचे वजन हे सारे सांभाळीत. पगारदार नोकर त्या नव्हत्या. दर हजारी सुमारे पावणेदोनशे असलेले बालमृत्यूचे प्रमाण विसेक वर्षांत तिसाच्या आत आले. १९७८ साली अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा काढला, त्यामागे जामखेडचाही अनुभव होता. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ही सारी कीर्ती बाजूस ठेवली तरी एक गोष्ट उरते. ज्या बाईस तोवर गावाने फक्त घेणारी म्हणून ओळखले होते, तिच्या दारी रात्री-अपरात्री पाटलाच्या घरचे माणूस सुनेच्या बाळंतपणासाठी बोलावू येऊ लागले. सेवा एका हातातून दुसऱ्या हातात गेली. डॉक्टरांच्या श्रद्धेचे उगमस्थान बायबल होते, ह्याने पाटलाच्या सुनेचे काही बिघडले नाही.

तुळजापूर तालुक्यातच, तामलवाडीपासून फार दूर नसलेल्या अणदूर येथे, हॅलो मेडिकल फाउंडेशन ह्या संस्थेने ‘भारतवैद्य’ ह्या सुंदर नावाने खेड्यांतील स्त्रियांस असेच तयार केले. ही संस्था ख्रिस्ती नव्हे. कल्पनेस बाप्तिस्मा लागत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

पुढे २००५ पासून सरकारनेच देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या. येथे मात्र स्वयंसेवेच्या कल्पनेस एक वेगळीच कीड लागलेली दिसते, आणि तिच्याविषयी आमच्या वर्गाने फारसे काही लिहिलेले नाही. ह्या बायांस नोकर म्हणावयाचे नाही, स्वयंसेविका म्हणावयाचे. वेतन द्यावयाचे नाही, मानधन द्यावयाचे. आणि काम मात्र वाढवीत न्यावयाचे. मंडळीतील शिक्षक रविवारी वस्तीत जातो, तेव्हा सोमवारी त्याचा पगार शाबूत असतो. ज्या बाईची चूल ह्या कामावरच पेटावयाची, तिला सेवेचा उपदेश करून तिचे मोल कमी देणे, ह्यास सेवा म्हणत नाहीत. पूर्वी घेणाऱ्यास ‘नको’ म्हणता येत नव्हते. आता देणारीसही म्हणता येत नाही, एवढाच फरक झाला. साथीच्या काळात ह्याच स्त्रियांनी घरोघर जाऊन तापमान मोजले, आणि आपण सज्जांत उभे राहून टाळ्या वाजविल्या. २०२१ आणि पुन्हा २०२३ साली महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्या संपावर गेल्या, तेव्हा गरोदर स्त्रियांचे काय होणार, म्हणून पुष्कळ सुशिक्षित घरांतून हळहळ व्यक्त झाली. त्या स्त्रियांस महिन्याकाठी काय मिळते, हे त्या घरांपैकी किती जणांस सांगता आले असते?